क्लेनींची तारका

गणिती तर्कशास्त्राच्या दुनियेत स्टीफन कोल क्लेनी हे नाव फार मोठे आहे, आणि तरीही त्या नावाचा उच्चार बहुतेक जण चुकीचाच करतात. इंग्रजी अक्षरे पाहून कोणी ‘क्लीन’ म्हणतो, कोणी ‘क्लाइन’. ते स्वतः मात्र आपले आडनाव ‘क्लेनी’ असे उच्चारीत. त्यांच्या चिरंजिवांनी पुढे लिहून ठेवले आहे की हा उच्चार त्यांना ठाऊक असलेल्या कोणत्याच भाषेच्या नियमांत बसत नाही, आणि तो बहुधा वडिलांनी आपल्या मनानेच ठरविला असावा. आम्हा गाणाऱ्या मंडळींत एखाद्या रागाच्या नावावरून असाच वाद निघतो तेव्हा अखेर ज्याच्या घराण्यात जो उच्चार चालत आला तोच त्याच्यापुरता खरा मानावा लागतो. तोच न्याय येथे लावू आणि त्यांना क्लेनीच म्हणू.

मी गाणे शिकवतो; गणित हा माझा प्रांत नव्हे. माझे वडील दरबारी गवई. त्यांच्या चिजांच्या वह्या संगणकात उतरवून घेता घेता या गृहस्थांच्या एका लहानशा चिन्हाशी माझी गाठ पडली. त्या चिन्हामागचा माणूस कोण म्हणून शोध घेऊ लागलो, तेव्हा असे एक चरित्र हाती आले की ते येथल्या वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवेना. गुरूने आयुष्याची उमेद घालून उभारलेली इमारत शिष्याने पाडावी, आणि मग त्याच शिष्याने गुरूचे नाव साऱ्या शास्त्रावर कोरून ठेवावे, हा प्रकार आपल्या घराण्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना परका वाटणार नाही.

क्लेनींचा जन्म ५ जानेवारी १९०९ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरी झाला. वडील गुस्ताव्ह हे तेथल्या ट्रिनिटी कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. आई ॲलिस कविता करीत असे. उत्तरेकडे मेन राज्यात कुटुंबाची वडिलोपार्जित शेतीवाडी होती आणि या मुलाचा खरा जीव तेथे होता. डोंगर चढण्याची आणि रानोमाळ हिंडण्याची जी हौस त्यांनी म्हातारपणापर्यंत जोपासली तिचे मूळ या शेतातच शोधावे लागेल. १९३० मध्ये ॲम्हर्स्ट कॉलेजातून उत्तम रीतीने पदवी घेऊन ते प्रिन्स्टनला गेले.

प्रिन्स्टनमध्ये त्यांना गुरू भेटले ते अलोन्झो चर्च. चर्च तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचे, म्हणजे शिष्याहून सहाच वर्षांनी वडील. परंतु त्यांनी हाती घेतलेले काम वृद्धांनाही दडपून टाकील असे होते. तर्कशास्त्राची अशी एक पद्धती त्यांना रचावयाची होती की तिच्या पायावर सगळे गणित उभे राहावे आणि त्यात कोठेही विसंगती शिरू नये. १९३१-३२ मध्ये ते ही पद्धती वर्गात शिकवू लागले, आणि १, २, ३ या आपल्या साध्या आकड्यांचे गणित तीतून कितपत उभे करता येते ते पाहण्याचे काम त्यांनी क्लेनींवर सोपविले.

या पद्धतीत आकडा म्हणजे एक क्रिया किती वेळा करावयाची त्याची आज्ञा. दोन म्हणजे ‘दोनदा कर’, पाच म्हणजे ‘पाचदा कर’. त्यामुळे एक मिळविणे अगदी सोपे: आणखी एकदा कर. परंतु एक वजा कसा करावयाचा? केलेली क्रिया मागे घेण्याची सोयच नव्हती. खुद्द चर्च यांनाही ते जमेल अशी आशा उरली नव्हती. १९३२ च्या आरंभी क्लेनी दंतवैद्याकडे अक्कलदाढा काढून घेण्यास गेले असता तेथे त्यांना युक्ती सुचली. शून्यापासून मोजीत निघावे, पण एकट्याने नव्हे, जोडीने. पुढचा एक पाऊल टाकील तेव्हा मागच्याने पुढच्याची सोडलेली जागा घ्यावी. पुढचा पाचावर पोचला की मागचा आपोआप चारावर असतो. तेवढा उचलून घ्यावा. वजाबाकी झाली, आणि काही मागे घ्यावे लागले नाही. ज्यांनी कधी तंबोऱ्याच्या साथीला बसून मुख्य गायकाच्या मागोमाग एका स्वराने चालण्याचा सराव केला आहे त्यांना ही युक्ती ऐकताच पटावी.

यानंतर जे झाले ते मात्र कठीण होते. क्लेनी आणि त्यांचे सहाध्यायी बार्कली रॉसर यांनी गुरूंची पद्धती इतकी खोलवर तपासली की तिच्यातच विसंगती आहे हे त्यांना सिद्ध करून दाखविता आले. १९३५ मध्ये दोघांनी तो निबंध छापला. म्हणजे ज्या पायावर क्लेनींनी १९३४ मध्ये डॉक्टरेट मिळविली तो पाया त्यांनी स्वतःच्या हाताने उखडला. गुरूंचे मोठेपण असे की त्यांनी हे नाकारले नाही. मोडलेल्या इमारतीतून निर्दोष राहिलेला एक भाग त्यांनी वेगळा काढला. लँब्डा कॅल्क्युलस या नावाने तो आजही चालतो, आणि १९५८ पासून घडत गेलेल्या लिस्प या संगणकभाषेने आपली काही साधने त्यातूनच उचलली. आपल्याकडे शिष्याने भरसभेत उस्तादांची लयीतली चूक दाखविली असती तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मधल्या काळात, १९३४ च्या वसंतात, कुर्ट गोडेल प्रिन्स्टनला व्याख्याने देऊन गेले. त्या व्याख्यानांची टिपणे क्लेनी आणि रॉसर यांनीच घेतली आणि तीच पुढे हातोहात फिरली. कोणत्या गोष्टी ठराविक पायऱ्यांनी, अक्कल न वापरता, यंत्रासारख्या मोजून काढता येतात, हा प्रश्न तेव्हा हवेत होता. गोडेल यांची एक व्याख्या, चर्च यांची दुसरी. १९३६ मध्ये इंग्लंडातून ॲलन ट्युरिंग यांची तिसरी आली. चर्च यांची व्याख्या आणि गोडेल यांची व्याख्या आतून एकच आहेत हे क्लेनींनी दाखविले. जे जे यंत्रवत् मोजता येते ते ते या व्याख्येत बसते, या प्रतिपादनाला त्यांनी आपल्या १९५२ च्या ग्रंथात ‘चर्च यांचा सिद्धान्त’ असे नाव दिले, आणि तेच रूढ झाले. स्वतःचे नाव जोडण्याइतके काम त्यांनी केले होते. तसे त्यांनी केले नाही.

हेही एक घराणेच होते. ट्युरिंग १९३६ मध्ये प्रिन्स्टनला येऊन चर्च यांचे शिष्य झाले. पुढे मायकेल राबिन आणि डेना स्कॉट हेही त्यांच्याच हाताखाली तयार झाले. ही नावे लक्षात असू द्यावीत, कारण त्यांतली दोन आपल्या कथेत पुन्हा येणार आहेत.

१९३५ मध्ये क्लेनी विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील विद्यापीठात शिकवू लागले. मध्यंतरी वर्षभर प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये राहिले, थोडे दिवस ॲम्हर्स्टला गेले. युद्धकाळात ते नौदलात होते. न्यूयॉर्क येथे होतकरू नाविक अधिकाऱ्यांना दिशा काढण्याचे शास्त्र शिकवीत, आणि नंतर वॉशिंग्टनच्या नौदल प्रयोगशाळेत काम करीत. १९४६ मध्ये मॅडिसनला परतले ते कायमचेच. १९५० मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर ॲम्स्टरडॅमला जाऊन आले. १९५२ मध्ये ‘इंट्रोडक्शन टु मेटामॅथेमॅटिक्स’ हा त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्या विषयाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर पोसल्या. हे सारे एखाद्या मोठ्या प्राध्यापकाच्या चरित्रात असावयाचे तसेच आहे.

माझे लक्ष वेधले ते १९५१ च्या उन्हाळ्याने. सुट्टीचे काही महिने क्लेनी कॅलिफोर्नियात सँटा मोनिका येथे रँड या संशोधनसंस्थेत राहावयास गेले होते. तेथे त्यांच्या हाती वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांचा १९४३ चा एक निबंध देण्यात आला. मेंदूतील एकेक मज्जापेशी म्हणजे ‘पेटली’ किंवा ‘न पेटली’ एवढेच जाणणारी एक कळ आहे असे मानून, अशा कळांचे जाळे काय काय करू शकेल याचा त्या दोघांनी विचार केला होता. निबंध गाजलेला, पण वाचावयास अवघड. क्लेनींनी त्यातली वाट सोडून स्वतःची वाट धरली आणि एक साधा प्रश्न विचारला: अशा जाळ्यापुढून खुणांची एक लांब माळ एकामागून एक जात आहे, तर कोणत्या प्रकारच्या माळा ते जाळे ओळखू शकेल, आणि कोणत्या कधीच ओळखू शकणार नाही?

प्रश्नाची खोच ‘स्मरण’ या शब्दात आहे. जाळ्यात पेशी मोजक्याच. म्हणून त्याच्या अवस्थाही मोजक्याच. माळ मात्र कितीही लांब असू शकते. सगळे लक्षात ठेवणे अशक्य. मग थोडक्या स्मरणात काय साधते?

येथे मला माझ्या वर्गातले उदाहरण द्यावेसे वाटते. तीनतालाचा ठेका चालू आहे आणि एखादा मुलगा सम धरावयास शिकतो आहे. त्याला आतापर्यंत किती आवर्तने झाली हे ठाऊक असण्याची गरज नाही. आपण आत्ता सोळांपैकी कितव्या मात्रेवर आहोत, एवढेच त्याने मनात धरले की पुरे. सोळा मात्रा, म्हणून सोळा अवस्था. सोळावीनंतर पुन्हा पहिली. एवढ्याशा स्मरणावर तो रात्रभर चाललेल्या मैफलीतही सम चुकणार नाही. परंतु त्याच मुलाला सांगा की गवई जितके स्वर चढला तितकेच मोजून उतरला की नाही ते सांग, आणि चढण्याला काही सीमा नाही. म्हणजे सोळा अवस्था पुरणार नाहीत, सोळाशेही पुरणार नाहीत. क्लेनींनी आखलेली सीमारेषा हीच होय.

आणि त्या रेषेच्या अलीकडे काय काय येते तेही त्यांनी नेमके सांगितले. मूळ खुणा हाताशी असल्या की तीनच कृती पुरतात. पहिली, एकामागून दुसरे ठेवणे. दुसरी, हे किंवा ते, असा पर्याय देणे. तिसरी, एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा घेणे, हवी तितक्यांदा, अगदी एकदाही न घेण्याची मुभा ठेवून. या तीन कृतींनी जी माळ वर्णन करता येते ती मोजक्या अवस्थांचे यंत्र ओळखू शकते. आणि असे यंत्र जी जी माळ ओळखू शकते ती ती या तीन कृतींनी वर्णन करता येतेच. सिद्धान्ताचे सारे सौंदर्य या दुसऱ्या अर्ध्यात आहे, कारण त्याने रेषेच्या दोन्ही बाजू बंद केल्या.

तिसऱ्या कृतीसाठी त्यांनी तारकेचे चिन्ह योजिले. तीच ‘क्लेनी स्टार’. मूळ लेखात ती दोन गोष्टींच्या मध्ये येत असे: ‘पहिली कितीही वेळा, मग शेवटी दुसरी’ अशा अर्थाने. एकाच गोष्टीच्या मागे उभी राहणारी आजची तारका १९५८ मध्ये कोपी, एल्गॉट आणि राइट यांच्या निबंधात आली. (संगणकातील फाइली शोधताना नावात घालतात ती तारका हिची चुलत बहीण, तिचा अर्थ जरा निराळा आहे.) या वर्गाला नाव काय द्यावे हेही क्लेनींना नीटसे सुचेना. त्यांनी ‘रेग्युलर’ म्हणजे नियमित असा शब्द वापरला आणि अधिक बोलका शब्द कोणी सुचविल्यास आनंद होईल असे निबंधातच नमूद केले. कोणी सुचविला नाही. ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ हे आज जगभर चालणारे नाव अशा रीतीने नाइलाजाने राहून गेले आहे.

१५ डिसेंबर १९५१ रोजी रँडच्या अंतर्गत टिपणात हा निबंध आला, आणि सर्वांसाठी छापला गेला १९५६ मध्ये, क्लॉड शॅनन व जॉन मॅकार्थी यांनी संपादिलेल्या ‘ऑटोमेटा स्टडीज’ या संग्रहात. मज्जापेशींच्या अभ्यासकांना त्याचा कितपत उपयोग झाला हे सांगण्याचा मला अधिकार नाही. गणितज्ञांनी मात्र तो उचलला. १९५९ मध्ये राबिन आणि स्कॉट या गुरुबंधूंनी त्यात भर घातली: यंत्राला एकाच वेळी अनेक अवस्थांत असण्याची मोकळीक दिली तरी त्याची ओळखण्याची शक्ती वाढत नाही, ती तेवढीच राहते. या कामासाठी दोघांना १९७६ मध्ये ट्युरिंग यांच्याच नावाचे पारितोषिक मिळाले.

येथपर्यंत सारे कागदावरच होते. लिहिलेल्या मजकुरात शोध घेण्यासाठी ही तारका प्रथम खऱ्या अर्थाने कामाला लावली ती न्यू जर्सीतील बेल लॅबोरेटरीजमधील केन थॉम्प्सन यांनी. क्यूईडी नावाच्या मजकूर-संपादकात त्यांनी ती आणली, आणि जून १९६८ मध्ये चार पानांच्या निबंधात कृती प्रसिद्ध केली. त्यांची रीत अशी: शोधणारा जो नमुना देईल त्यावरून यंत्रासाठी तेथल्या तेथे एक छोटा प्रोग्रॅम तयार करावयाचा, आणि मजकूर एकदाच, डावीकडून उजवीकडे, मागे न वळता वाचीत जावयाचा. प्रत्येक अक्षराशी नमुन्यातल्या जितक्या जागी आपण असू शकतो त्या सगळ्या जागांवर एकदम बोट ठेवावयाचे. राबिन-स्कॉट यांची मोकळीक ती हीच.

पुढे युनिक्सच्या ‘ईडी’ या संपादकात ही सोय आली. तेथे सबंध मजकुरात नमुना शोधून त्या त्या ओळी छापण्याच्या आज्ञेची अक्षरे ‘जी’, ‘आर-ई’ आणि ‘पी’ अशी होती. थॉम्प्सन यांचे सहकारी ली मॅकमहन यांना अमेरिकेच्या घटनेच्या वेळचे ‘फेडरलिस्ट’ निबंध तपासावयाचे होते; कोणता निबंध कोणाचा हा जुना वाद. तो मजकूर संपादकाच्या स्मरणात मावेना. तेव्हा थॉम्प्सन यांनी शोधण्याचा भाग संपादकातून वेगळा काढला आणि आज्ञेच्या अक्षरांवरूनच त्याचे नाव ‘ग्रेप’ पडले. १९७३ च्या युनिक्समध्ये तो दिसतो. त्या निबंधांच्या तीन लेखकांपैकी एक जेम्स मॅडिसन. क्लेनी ज्या शहरात शिकवीत होते त्याला नाव त्यांचेच. योगायोग आहे, दुसरे काही नाही, परंतु मला तो आवडतो.

माझ्या कामाविषयी थोडे सांगतो, म्हणजे हे सारे कशाकरिता हे ध्यानात येईल. वडिलांच्या वह्या भातखंडे पद्धतीने लिहिलेल्या आहेत. स्वर लांबला की पुढच्या मात्रांवर आडव्या रेघा. दरबारी कानड्यात कोमल गंधार, मध्यम, रिषभ, षड्ज ही संगती पदोपदी येते. पण कोठे गंधारापुढे एक रेघ, कोठे तीन, कोठे एकही नाही. नुसते ‘ग म रे सा’ शोधले तर सरळ लिहिलेल्या जागाच सापडतात. तेव्हा नमुना असा द्यावयाचा: ग, मग रेघ आणि तिच्यामागे तारका, मग म, पुन्हा रेघ आणि तारका, मग तसेच रे आणि सा. तारका म्हणते: असतील तितक्या रेघा घे, नसतील तरी हरकत नाही. एका निमिषात सगळ्या जागा समोर येतात. दरबारीतल्या, अडाण्यातल्या, नायकीतल्या, आणि बहार व मियाँमल्हारातल्याही. पाने उलटून मी हे एका सुट्टीत करू शकलो नसतो. मोजक्या स्मरणाचे यंत्र कानड्याचे अंग ओळखते, मात्र दरबारीचा गंधार कसा झुलवावा ते त्याला कळत नाही, आणि क्लेनींनी तसा दावाही कधी केला नव्हता.

देवनागरीत एक गंमत होते, तीही सांगून टाकतो. नमुन्यात ‘कोणतेही एक अक्षर’ म्हणून ठिपका देता येतो. परंतु यंत्राचे अक्षर आणि आपले अक्षर एक नव्हे. ‘स्त्री’ हे आपण एक अक्षर म्हणतो. यंत्राच्या हिशेबी ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि ईकार मिळून सहा खुणांची रांग असते. ‘रे’ आणि ‘सा’ हेही प्रत्येकी दोन. एका ठिपक्याने एक स्वर पकडू म्हणाल तर मात्रा हातातून निसटते. बाराखडी घोकलेल्या मुलाला यात नवल वाटणार नाही.

थॉम्प्सन यांची रीत क्लेनींच्या शिस्तीत चालणारी होती. पुढे मात्र, आणि हे मला जरा सविस्तर लिहिले पाहिजे, पुष्कळ संगणकभाषांनी दुसरी रीत धरली. १९८७ मध्ये लॅरी वॉल यांची पर्ल निघाली. नमुन्यांचा शोध त्या भाषेच्या हाडीमासी खिळलेला आहे. तिच्यात आणि तिच्या मागून आलेल्यांत नमुन्याला नवनवी सामर्थ्ये मिळाली. आधी सापडलेला तुकडा पुढे जसाच्या तसा पुन्हा आला पाहिजे, अशीही अट घालता येऊ लागली. हे क्लेनींच्या रेषेपलीकडचे आहे, मोजक्या अवस्थांच्या यंत्राला हे ओळखता येत नाही. त्यासाठी शोधण्याची पद्धतच बदलावी लागली: एक वाट धरावयाची, फसली की मागे यावयाचे, दुसरी धरावयाची. तानेत वाट चुकल्यावर स्थायीपासून पुन्हा सुरुवात करणाऱ्या गवयासारखे. बहुतेक वेळा हे खपून जाते. परंतु तारकेच्या पोटात तारका घातलेला एखादा नमुना आणि जवळजवळ जुळणारा, पण शेवटी न जुळणारा मजकूर समोर आला की वाटा दुप्पट-दुप्पट होत जातात. एक अक्षर वाढले की काम दुप्पट. तीस दुपटी झाल्या की आकडा १०७ कोटींच्या पुढे जातो.

२ जुलै २०१९ रोजी याचा प्रत्यय जगाला आला. असंख्य संकेतस्थळांपुढे पहारा करणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीने आपल्या नियमांत एक नवा नमुना घातला. त्यात ‘कोणतेही अक्षर कितीही वेळा’ या अर्थाच्या दोन तारका लागोपाठ आल्या होत्या. यंत्रे त्या वाटांच्या मोजणीतच गुंतून पडली आणि सुमारे अर्धा तास जगभरची संकेतस्थळे बंद पडली. नंतर कंपनीने थॉम्प्सन यांच्या वळणाने चालणारी, मागे न वळणारी पद्धती स्वीकारण्याचे ठरविले. तशी साधने तयारच होती; गूगलने २०१० मध्ये ‘आरई-टू’ या नावाने एक खुले केले होते. त्यात ती मागच्या तुकड्याची पुनरुक्ती मागण्याची सोय नाही, आणि ती मुद्दामच नाही. माझे मत विचाराल तर शिस्तीत राहून जे मिळते ते आधी पुरते वापरून पाहावे. मर्यादा ओलांडणारे नमुने लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना खरोखरच ती ओलांडावयाची असते?

क्लेनी मॅडिसनला होते तेथेच राहिले. गणित विभागाचे प्रमुख झाले, १९५६ ते १९५८ पर्यंत तर्कशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते, १९६९ मध्ये नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवडले गेले. त्याच वर्षी ते साहित्य-विज्ञान महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले. तो व्हिएतनाम युद्धाविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरण्याचा काळ. मॅडिसन त्यात आघाडीवर. २४ ऑगस्ट १९७० रोजी पहाटे तेथल्या स्टर्लिंग हॉल या इमारतीत सैन्यासाठी गणित करणाऱ्या केंद्राला लक्ष्य करून स्फोट घडविण्यात आला, आणि त्यात त्या केंद्राशी काही संबंध नसलेला पदार्थविज्ञानाचा एक तरुण संशोधक ठार झाला. अशा दिवसांत अधिष्ठात्याची खुर्ची सांभाळणे म्हणजे काय असेल ते तर्कशास्त्रात लिहिलेले नसते. १९७४ पर्यंत त्यांनी ती सांभाळली. १९७० साल घरातही दुःखाचेच होते. पत्नी नॅन्सी त्याच वर्षी वारल्या. १९७९ मध्ये ते निवृत्त झाले.

त्यांना मिळालेले मानसन्मान पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. १९८३ चे स्टील पारितोषिक त्यांच्या १९५५ मधील तीन निबंधांसाठी होते. विषय, संख्यांविषयीच्या विधानांची उतरंड. १९९० चे अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक रिकर्शन थिअरी, म्हणजे काय मोजता येते आणि काय नाही या शास्त्रासाठी. आयुष्यभराचे काम ते हेच, आणि त्यांच्या शिष्यांनी पुढे नेले तेही मुख्यतः हेच. तारका ही त्यांच्या एका उन्हाळ्याची कमाई. मोठे गवई एखाद्या अवघड रागात जन्म घालवितात आणि गावोगाव लोकांच्या ओठी राहते ती त्यांची एखादी ठुमरी. तसे काहीसे हे झाले आहे. त्याची त्यांना खंत वाटली असेल असे मला दिसत नाही.

२५ जानेवारी १९९४ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, स्टीफन क्लेनी मॅडिसन येथे वारले. गुरू अलोन्झो चर्च त्या वेळी हयात होते; ते १९९५ मध्ये गेले. या दोन मृत्यूंच्या मध्ये, ऑक्टोबर १९९४ मध्ये, पर्लची पाचवी आवृत्ती निघाली. तोवर तारका सापडेल तितके सगळे घेत असे. या आवृत्तीत तिच्यामागे प्रश्नचिन्ह लावून तिला शक्य तितके थोडेच घ्यावयास सांगता येऊ लागले.